परड्यावरचा ड्रोन

जबाब

दि. १८ फेब्रुवारी २०२५

नाव : शबनम हुसेन मुल्लाणी, वय ४८ वर्षे
धंदा : घरकाम व शिवणकाम (शिवणकाम सध्या बंद)
राहणार : रो हाऊस, कारखान्याच्या मागील कॉलनी, कसबा बावडा, कोल्हापूर

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, पती सोबत असताना, विचारलेवरून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर पती हुसेन व सासू सुलतानबी यांचेसह राहणेस आहे. पती उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामास आहेत. आम्हास एकच मुलगी असून तिचे नाव सबिना आहे. तिला निपाणीस दिली आहे. जावई तोहिद यांचे तिथे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. आमच्या घरामागे परडे असून त्यात शेवग्याचे झाड, धुण्याचा दगड व एक लोखंडी खाट आहे. परड्याला तिन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीची भिंत आहे. ती भिंत मी सांगून बांधून घेतली होती.

भिंतीपलीकडे बाबासो खाडे यांचे घर आहे. ते, त्यांची पत्नी मीनाबाई, मुलगा संग्राम व सून अक्षता असे चौघे तिथे राहतात. संग्रामच्या लग्नात त्यांच्या घरातील बायकांची सगळी पोलकी मी शिवली. ईदला शिरखुर्मा त्यांचेकडे जातो, बेंदराच्या सणाला पोळ्या आमचेकडे येतात. यापूर्वी आमच्यात कसलेही भांडण नाही. हे लिहून घ्यावे असे मी मुद्दाम सांगत आहे.

गेल्या पावसाळ्यात माझे छातीत गाठ निघाली. तपासणीत ती साधी नसल्याचे कळले. ऑपरेशन होऊन डावी बाजू काढणेत आली. त्यानंतर सलाईनमधून औषध देणे चालू आहे. त्या औषधाने माझे डोक्याचे व भुवयांचे केस गेले. ही गोष्ट पती, सासू व मीनाबाई यांच्याशिवाय कोणास माहीत नव्हती. सबिना त्यावेळी गरोदर होती. तिचे पहिले मूल पोटातच गेले होते. या खेपेस तिला धक्का बसेल असे काही कळू द्यायचे नाही, असे आम्ही घरात ठरवले. मला मणक्याचा त्रास असून प्रवास बंद केला आहे असे तिला सांगितले. तिलाही डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हणून सांगितले होते, त्यामुळे ते निभावले. व्हिडिओ कॉल आला की मी स्कार्फ बांधत असे व भुवया पेन्सिलने काढत असे. बाळंतपण सुखरूप झाले की मग सगळे सांगायचे, असे आमचे ठरले होते.

औषधाने माझ्या डोक्याची फार आग होते. घर रस्त्यालगत असून सारखे कोणी ना कोणी येत असते, म्हणून घरात मी स्कार्फ काढत नाही. सकाळी परड्यात कोवळे ऊन आले की मी खाटेवर बसत असे व सासू माझ्या डोक्याला खोबरेल तेल लावत. तेवढाच वेळ मी डोके उघडे ठेवत असे.

संग्राम हा एका पतसंस्थेत नोकरीस आहे. दिवाळीत त्याने ड्रोन आणला. त्याला त्याचा छंद आहे. सुरुवातीला कॉलनीत सर्वांनाच त्याचे कौतुक होते. त्यांचे घरी टीव्हीवर त्याने आम्हाला नदी, उसाचे फड व कारखान्याची चिमणी वरून दाखवली. मीही ते बघण्यास गेले होते. पंचगंगा वरून एवढी वळणावळणाची दिसते हे मला माहीत नव्हते. मला ते आवडले होते व तसे मी त्याला सांगितलेही होते.

पुढे सुट्टीच्या दिवशी ड्रोन आमच्या परड्यावरून जाऊ लागला. एक-दोन वेळा तो वर थांबलेला मी बघितला. मी लगेच उठून घरात आले. मी मीनाबाईंना सांगितले. त्या संग्रामशी बोलल्या. कॅमेरा लांबचे बघतो, खालचे काही दिसत नाही, असे त्याने सांगितल्याचे त्यांनी मला कळवले. नंतर पतींनी त्याला गेटजवळ थांबवून, आमच्या परड्यावरून नेऊ नकोस, बायका असतात, असे समजावून सांगितले. त्यावर तो, "काका, तुमच्या परड्यात बघायसारखं काय हाय ओ? मी नदीकडचं घेतोय," असे म्हणाला. तो उर्मट बोलला असे पतींचे म्हणणे नाही. तो हसत बोलला. पतींना खरे कारण सांगता येत नव्हते.

त्यावेळीच तक्रार का दिली नाही, असे विचारलेवरून सांगते की, मी पतींना तसे म्हणाले होते. त्यावर ते, "कॉलनीत आपलं एकच घर हाय," एवढेच बोलले. मग आम्ही परड्यावर हिरवी जाळी बांधली. ती वाऱ्याने फाटली. ताडपत्री बांधली तर ऊन येईना. शेवटी ड्रोनचा आवाज आला की उठायचे, असे मी ठरवून घेतले.

जानेवारीतील एका रविवारी सकाळी मी परड्यात बसले होते. कारखान्याचा हंगाम चालू असल्याने मागील रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जात होते. त्या आवाजात मला वरचे काही ऐकू आले नाही.

त्यानंतर संग्रामने कॉलनीवर एक रील बनवून कॉलनीच्या ग्रुपवर व आपल्या पेजवर टाकले. त्यात पहिल्यांदा चिमणी व धूर दिसतो, मग ट्रॅक्टरची रांग, मग घरांची छपरे. आमच्या घरावर ड्रोन थोडा खाली येऊन पुढे जातो. त्यात खाटेवर मी बसलेली आहे. अंगात गाऊन असून ओढणी नाही. ऑपरेशनची बाजू कळून येते. सासूंचे दोन्ही हात माझे डोक्यावर आहेत. मी वर बघितलेले नाही. ग्रुपवर एकाने, हा टकल्या कोण ऊन खात बसलाय, असे लिहिले होते व खाली इतरांनी हसण्याची चित्रे टाकली होती. त्यांना ती बाई आहे हे कळले नसावे. त्यांची नावे मला माहीत आहेत, परंतु मी ती देऊ इच्छित नाही.

मी ग्रुपवर नाही. मला हे त्याच दिवशी कळले नाही. जावई तोहिद यांच्या दुकानात आलेल्या एका गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर ते रील लागले. बावड्याचे नाव बघून त्यांनी ते आपल्या मोबाईलवर घेऊन घरी सबिनास दाखवले. माहेर वरून कसे दिसते हे बघून तिला बरे वाटेल, असा त्यांचा हेतू होता. त्यांना दुसरे काही माहीत नव्हते.

त्यांनी ते दाखवले त्या संध्याकाळी सबिनाचा व्हिडिओ कॉल आला. मी स्कार्फ बांधून घेतला. भुवया काढण्यास वेळ मिळाला नाही म्हणून मी कॅमेरा बंद ठेवला व रेंज नसल्याचे सांगितले. ती म्हणाली, "अम्मी, कॅमेरा लाव." मी पुन्हा रेंजचेच सांगितले. त्यावर ती म्हणाली, "दादी कुणाच्या डोक्याला तेल लावत होती?" मी शेजारच्या बाईचे नाव घेतले. ती मग, "स्कार्फ काढून बस. मी बघितलंय," असे म्हणाली. मी कॅमेरा लावला. पुढचे बोलणे आमच्या दोघींतील असून ते या जबाबात घेऊ नये.

सबिनाचा रक्तदाब वाढल्याने तिला निपाणीतील दवाखान्यात दाखल करणेत आले व दिवस भरण्याआधीच तिची प्रसूती झाली. मुलगी आहे. वजन कमी असल्याने तिला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवले होते. आता दोघी घरी असून बऱ्या आहेत. रक्तदाब आधीपासून थोडा होता, असे तेथील डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यामुळे हे सर्व त्या रीलमुळेच झाले असे माझे म्हणणे नाही. सलाईन चालू असल्याने मला गर्दीत व दवाखान्यात जाण्यास मनाई आहे. तिचे बाळंतपण तिच्या सासूबाईंनी केले. नातीस मी मोबाईलवर बघितले आहे.

पतींनी संग्रामच्या घरी जाऊन त्याला माझ्या आजाराबद्दल सांगितले. त्याने उभ्या उभ्याच ते रील काढून टाकले. "काका, मला खरंच दिसलं न्हाय. मी चिमणीचंच बघत हुतो," असे तो म्हणाला. त्याची बायको अक्षता रडत आमच्या घरी आली. परंतु तोपर्यंत ते रील दुसऱ्या कोणीतरी उचलून आपल्या पेजवर टाकले होते. संग्रामने त्यांना कळवले, परंतु त्यांचेकडून उत्तर आले नाही. ते रील आजही तिथे दिसते.

मीनाबाई दुसऱ्या दिवशी आल्या. मी त्यांना बसा म्हणाले नाही. त्या दारातच उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "तू कुणाला सांगू नको म्हणालीस, म्हणून मी पोराला बी सांगितलं न्हाय की तिथं तू का बसतीस. सांगितलं असतं तर त्यो तिकडं फिरकला नसता." त्यांचे म्हणणे खरे आहे. मी त्यांना शपथ घातली होती व त्यांनी ती पाळली. त्यानंतर त्या आलेल्या नाहीत.

त्या सुमारास पती एकदा तक्रार देण्यासाठी पोलीस ठाण्यात आले होते. व्हिडिओ दाखवा, असे त्यांना सांगण्यात आले. टेबलाभोवती इतर माणसे उभी होती. पती मोबाईल खिशातून न काढता घरी परत आले.

चालू महिन्यात एके दिवशी सकाळी मी घरात झोपून होते. सासू परड्यात कपडे वाळत घालत होत्या. त्यावेळी भिंतीवरून ड्रोन आत आला व खाली उतरू लागला. सासूंनी दोरी उचलण्याच्या बांबूने त्यावर मारले. तो धुण्याच्या दगडावर पडून फुटला. ड्रोन नदीकडून परत येत होता, वाऱ्याने भरकटून आपोआप खाली आला, असे संग्रामचे म्हणणे आहे. ते खरे असेल. सासूंचे वय झाले असून त्यांना त्यातला फरक कळण्यासारखा नव्हता. मलाही कळला नसता.

आवाजाने लोक गोळा झाले. संग्राम वरच्या आवाजात बोलला. पतींनी हात जोडले. एवढ्यात कॉलनीबाहेरची काही मुले मोटारसायकलवरून आली. ती काय बोलली ते मी जबाबात सांगू इच्छित नाही. बाबासो आमच्या गेटसमोर आडवे उभे राहिले व, "ह्ये आमच्या दोन घरातलं हाय. तुमी जावा," असे सांगून त्यांनी त्यांना परत पाठवले. ती गेल्यावर त्यांनी पतींना आत जाऊन कडी लावण्यास सांगितले. संध्याकाळी बाबासोंनीच ड्रोन फोडल्याची तक्रार येथे दिली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या आहेत व दोन्हींचा मला राग येत नाही.

सदर तक्रारीबाबत विचारलेवरून सांगते की, ड्रोन सासूंनीच फोडला. "म्याच पाडलं. न्यायचं तर मला न्या," असे त्या प्रत्येकास सांगत आहेत. त्यांना गुडघ्यामुळे चालता येत नाही म्हणून आज आणलेले नाही. त्यांना पोलीस ठाण्यात बोलावू नये, त्यांचा जबाब घरी घेणेत यावा, अशी माझी विनंती आहे.

माझी स्वतःची तक्रार आहे काय, असे विचारलेवरून सांगते की, आहे. परंतु ती कोणाविरुद्ध द्यावी हे मला सांगता येत नाही. गुन्हा नोंदवायचा झाल्यास व्हिडिओची प्रत लागेल, ती पंचांसमक्ष चालवून बघावी लागेल, परड्याचा पंचनामा होईल व पंच जवळपासचे घ्यावे लागतील, असे मला समजावून सांगण्यात आले. म्हणजे ते रील पुन्हा बघितले जाणार व ते बघणारे कॉलनीतीलच असणार. दुसरा काही मार्ग आहे का, असे मी विचारले. तसा मार्ग नसल्याचे सांगण्यात आले. महिला अंमलदार यांनी मला पाणी दिले व विचार करून सांगा म्हणाल्या. विचार करण्यासाठी मी पतींकडे बघितले. ते खाली बघत होते.

व्हिडिओची प्रत देण्यास माझी हरकत नाही.

मोबाईलवर ते रील लावून, यातील इसम तुम्हीच कशावरून, असे मला विचारणेत आले. चेहरा खाली असल्याने ओळख पटत नाही व आधार कार्डावरील फोटोशी मिळत नाही, असे सांगण्यात आले. ते बरोबर आहे. त्या फोटोत माझा भांग दिसतो. म्हणून मी पतींना बाहेर थांबण्यास सांगितले व महिला अंमलदार यांचेसमक्ष स्कार्फ काढला. त्यांनी मोबाईलमध्ये बघितले नाही. बांधून घ्या, असे त्या म्हणाल्या.

रीलमधील स्त्री मीच आहे.

हा जबाब मी सांगेन तसा संगणकावर घेतला. महिला अंमलदार यांनी तो मला शेजारी बसून, मला एकटीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात वाचून दाखवला. त्यात कमी-जास्त काही नाही, तो बरोबर आहे म्हणून खाली सही करते.

(सही)
शबनम हुसेन मुल्लाणी

समक्ष,
महिला पोलीस अंमलदार