न घेण्याची कारणं

...नाही हो, शिसारी येते, नुसतं नाव काढलं तरी शिसारी येते! पत्रं, फायली, बैठका, सगळं एकाच ठिकाणी ठेवणारी ती कॉम्प्युटरची व्यवस्था असते ना, क्लाउड का काय म्हणतात, ती आमच्या साडूंच्या कंपनीला निवडायची होती. कंपनी तरी कसली, तर पुठ्ठ्याची खोकी बनवणारी! एका शेडमध्ये होती तोवर हाक मारली की काम व्हायचं. मग मजल्यावर मजले चढले, आणि एकाच दरपत्रकाच्या 'अंतिम', 'नवीन अंतिम', 'हेच अंतिम' अशा फायली टेबलाटेबलावर फिरायला लागल्या. एका मोठ्या गिऱ्हाइकाला भलतंच अंतिम गेलं, मालक कडाडले, क्लाउड आणा! आणि निवडणार कोण? साडू! का, तर प्रिंटरमध्ये अडकलेला कागद एकदा त्यांनी ओढून काढला होता...

तुम्हाला सांगतो, या माणसाची निम्मी हयात गोदामात पुठ्ठ्याचा भुस्सा खाऊन खोकण्यात गेली. आत्ता कुठे वर ऑफिसात, खिडकीपाशी खुर्ची मिळालेली. मालकांनी बजावलं, निवड चुकली तर परत गोदाम.

विकणारे दोघे आले. दुसरा घुम्या, भाव सांगून गप्प बसला. पहिला मात्र असा गोड, की टेबलाला मुंग्या लागाव्यात. म्हणे, सर, तुम्ही जिथे जाल तिथे तुमचं काम तुमच्यासोबत! अरे, काम सोबत येऊ नये म्हणून तर माणूस घरी जातो ना? वर म्हणाला, थोडे दिवस फुकट वापरा. आता फुकट म्हटल्यावर आमच्या साडूंच्या ऑफिसात नको कोण म्हणणार?

त्या कंपनीची एक रीत आहे. पंखा घ्यायचा असला तरी प्रत्येकानं लेखी मत द्यायचं, शेवटी मालकांनी वाचून होकार द्यायचा. त्यातच नवा हुकूम सुटलेला की यापुढे कागद बंद, प्रिंट काढाल तर याद राखा. मग मतं लिहायची कुठे? लिहिली त्या फुकटातच! हिशेबाच्या बाईंनी लिहिलं, यात बेरजा टाकल्या की बाहेर लंगडत येतात. विक्रीवाल्यानं लिहिलं, हे मोबाइलवर उघडेपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होतं. साडूंनी खाली झकास समारोप केला, पहिला अजिबात घेऊ नये, घुम्याचा घ्यावा. आणि मालक गेले गावाला.

ते परतले, बैठक भरली, साडूंनी ऐटीत पडद्यावर अहवाल उघडला... तर कुलूप! फुकटाची मुदत संपलेली. साडूंनी घाम पुसत त्या गोड माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "काळजीच नको सर, तुमचा अहवाल आमच्याकडे अगदी सुरक्षित आहे."

"अहो, पण मला तो वाचायचाय."

"जरूर वाचा सर. विकत घेतलंत की लगेच."

सुरक्षित म्हणे! कुणापासून? लिहिणाऱ्यापासून?

साडू म्हणाले, तोंडीच सांगतो, साहेब. मालक म्हणाले, रीत म्हणजे रीत, लेखी दाखवा. आणि त्या हिशेबाच्या बाई, ज्यांनी पानभर शिव्या घातल्या होत्या, त्या मालकांसमोर म्हणतात कशा, "मी असं लिहिलं होतं? बघितल्याशिवाय कसं सांगू बाई!" विक्रीवाला खिडकीतून बाहेर बघत राहिला. किळस येते हो माणसांची! मत सगळ्यांचं, आणि निस्तरणार कोण? साडू!

शेवटी मालकच वैतागले. घ्या म्हणाले, पण मला वाचायला मिळालं पाहिजे. घेतलं. एकट्यापुरतं सुटं मिळेना, म्हणून सगळ्या कंपनीसाठी घेतलं, वर्षभराचं! कुलूप निघालं. मालकांनी चष्मा पुसून अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"यात तर घेऊ नका असं लिहिलंय."

"होय, साहेब."

"मग घेतलंत कशाला?"

"हे वाचता यावं म्हणून, साहेब."

मालकांनी एकदा साडूंकडे बघितलं, एकदा खिडकीतून खालच्या गोदामाकडे बघितलं, आणि म्हणाले, "कारणं पटली मला. पण आता घेतलंय. तेव्हा हे किती चांगलं आहे, त्याचा एक अहवाल लिहा. नाही जमलं तर खाली जा."

लिहितायत बिचारे. कालच फोन आला होता, म्हणाले, तुम्हाला गोष्टी रचायची सवय आहे, चार ओळी सांगा की...