देवळीतला अकीक

— दगडाच्या चकत्या? म्हंजे मुळ्याच्या करत्यात तशा? आन त्यावर चहाचा कप ठिवायचा — बरं. आमच्यात बशी आसती, शेठ. तुमच्या मोठ्या लोकांकडं बशा नसतील.

बसा की. आमची बायको, सावित्रम्मा, भाजीला गेलीया, ती यायच्या आत उरकू. न्या तो दगड. मंगळवेढ्याच्या रानात विहिरीला सुरुंग लावला तवा निघाला — वरनं बटाट्यागत, आन टवका उडला तितं आत ह्या रेघा, तांबडी, पांढरी, मधी बुबुळ. माझ्या लेखी गारगोटी. हिला म्हादेवाचा डोळा दिसला. सोलापुरात ऱ्हायला आलो तर बायकोनं भांडी मागं ठिवली, ह्याला पदरात बांधून आणलं. देवळीत बसवला, रोज इभूत लावती. तुमी म्हणता अकीक — उकळत्या दगडात बुडबुडा ऱ्हायला, त्यात पाणी झिरपून झिरपून थरावर थर बसले. आसंल. आमच्या बंबातबी थर बसत्यात, त्याला कोण फूल वाहतंय? अंगठ्या करत्यात, माळा करत्यात, वैद्याचा खल करत्यात म्हणता — खल तरी कामाचा.

अडाणी बाई, दुसरं काय. दगडाशी बोलत बसती. कन्नडात — अक्कलकोटकडची न्हवं. मला कन्नड कळत न्हाय आसं तिला वाटतंय. लगीन झालं तवा कळत नव्हतं, खरंय. मग कळाय लागलं, ते सांगायचं ऱ्हाऊन गेलं. आन सांगून? बोलायची बंद हुईल की. मी आपला दाराआड सुपारी कातरत आसतो. मुदुकाला मीठ कमी घालती, ते दगडाला सांगती — मुदुक म्हंजे म्हातारा, म्हंजे मी. ल्योक फोन करत न्हाय, ते सांगती. परवा म्हणत होती, जिना चढताना छातीत कळ येतीया, मुदुकाला कळू देऊ नको. आता दगड काय करणार? मीच म्हणलो, मला डॉक्टरला दाखवायचंय, सोबतीला चल. तितं गेल्यावर म्हणलो, आलीच हाय तर हिचंबी बघा. त्यांनी काळजाच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढली, उद्या परत बोलावलंय. तिला काय कळलं न्हाय, लई भोळी —

थांबा. फडकं कशाला पसरता? तुमी ह्याच्या चकत्या केल्यावर ती कुणाला सांगंल? मला? मला त्या बाईनं आजपतूर दुखलंखुपलं सांगितलं न्हाय.

ठिवा. होता तसा ठिवा, डोळा म्होरं करून. कप ठिवायला दगड लागतोय म्हणं.

चपला वाजतायत जिन्यात. मधीच थांबली.

उठा, शेठ. विचारलं तर पत्ता चुकला म्हणा.