अक्काचा घोटा निखळला तेव्हा

चहा घ्या, पण हे ऐकताना बशी खाली ठेवा. मुडबीला आमची थोरली अक्का ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं उतरायली होती. टाच दगडावर पडली, घोटा वळला, अन् ती बसली ते उठंना. बघतो तर पाऊल पार आडवं! अंगठा भलतीकडंच. "अक्का, खाली बघू नको," एवढंच म्हणालो.

एकजण पाऊल ओढून बसवायला आला, त्याला दाजींनी अडवलं. पाय तसाच उशीला बांधून हुमनाबादचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी बोटं चाचपली.

"पाऊल थंड पडायलाय, नाडी लागंना. एक्स-रे नंतर, आधी सांधा बसवू."

गुंगीचं इंजेक्शन दिलं, मला गुडघा धरायला लावला, अन् टाच ओढून फिरवली. खट्ट! पांढरी पडलेली बोटं हळूहळू लाल झाली.

"अजून उशीर झाला असता, तर पाय गेला असता," डॉक्टर म्हणाले.

मी बाहेर आलो. दाजींनी विचारलं, "काय झालं?" मी नुसते डोळे पुसले. ते मटकन खाली बसले अन् हुंदके द्यायला लागले.

तेवढ्यात आतनं अक्काचा जड आवाज आला, "अवो, मी जिती हाय! रडायलाव कामून?"