सहाही वजनं उचलली, तरी चौथी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, कळव्याच्या आमच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या आदरणीय वासंतीताई, प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले भारोत्तोलन संघटनेचे सचिव माननीय धनावडे साहेब, आजचा सत्कारमूर्ती आमचा पैलवान राकेश, पुढच्या महिन्यात पुन्हा देशाबाहेर खेळायला निघालेली आमची रुचिता, पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या मातोश्री मीराबाई, कितीही विनवलं तरी व्यासपीठावर न येता मागे खांबाला टेकून उभे राहिलेले आमचे वस्ताद देवराम, आणि खाडीपलीकडून आज खास ठाण्यात आलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी या व्यायामशाळेचा कार्यवाह. माझ्या देहाकडे पाहून काहींना हसू येत असेल, तर त्यांनी खुशाल हसावं. घरचा गॅसचा सिलिंडर सोडला तर आयुष्यात मी काही उचललेलं नाही. गावच्या शाळेत शिकलो, पोटासाठी इकडे आलो आणि शनिवारी मारुतीला तेल वाहायला म्हणून या व्यायामशाळेत शिरलो, तो तिथेच राहिलो. वजनांचा लोखंडी बार वाजायचा, पोरं घाम गाळायची, मी एका कोपऱ्यात बसून स्तोत्र म्हणायचो. दोन्ही आवाज एकमेकांना कधी आड आले नाहीत.

आज माझ्याकडे दोन कामं सोपवली आहेत. राकेशचं अभिनंदन करायचं आणि रुचिताला निरोपाच्या शुभेच्छा द्यायच्या. पहिलं काम सोपं आहे. दोन महिन्यांपूर्वीच्या त्या मोठ्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत आमच्या राकेशने कुस्तीत ब्राँझ पदक आणलं. टाळ्या वाजवा, पुन्हा वाजवा. पोराने त्यासाठी अन्नपाणी तोडलं होतं. वजनगटात बसायचं म्हणून शेवटच्या दिवशी हा नुसता ओठ ओले करून राहिला. त्याच्या आईने मला विचारलं होतं, “भाऊ, हा खेळायला गेलाय की उपासाला?” 

दुसरं काम मात्र मला जड जातंय. कारण रुचिता त्याच स्पर्धेत होती, आणि तिच्याबद्दल या शहरात जे बोललं गेलं ते ऐकून मी गेले दोन महिने आतल्या आत धुमसतोय. परवा टेंभी नाक्यावर एक ओळखीचे गृहस्थ भेटले. राकेशच्या फोटोचा एवढा मोठा फलक वर लागलेला. त्याकडे बोट करून म्हणाले, “पोरगा भारी निघाला हो तुमचा. ती पोरगी दमली वाटतं?” मी म्हटलं, “दमली नाही.” ते म्हणाले, “मग चौथी कशी आली?” रस्त्यात उभं राहून किती सांगणार? म्हणून आज इथे सांगतो. क्षिप्राताई सूत्रसंचालन करताना मघापासून घड्याळ दाखवतायत, त्यांनी थोडं सांभाळून घ्यावं.

भारोत्तोलनात प्रत्येकाला सहा वेळा वजन उचलायची संधी मिळते. तीन वेळा एका झटक्यात डोक्यावर, आणि तीन वेळा आधी खांद्यावर घेऊन मग वर. दोन्हीतलं सगळ्यात मोठं वजन धरून बेरीज होते. रुचिताने सहाच्या सहा वेळा वजन उचललं. एकदाही बार पडला नाही, एकदाही पंचांचा लाल दिवा लागला नाही. ज्या तिघींना पदकं मिळाली त्या प्रत्येकीचा एखादा तरी प्रयत्न वाया गेला होता. आणि जिचा एकही गेला नाही, ती चौथी. आता तुम्हीच सांगा, हे दमणं आहे का?

झालं असं. एक वजन उचलून झालं की अर्ध्या मिनिटाच्या आत पुढचं वजन टेबलावर सांगावं लागतं. हे टेबल आत असतं, जिथे खेळाडू अंग गरम करतात तिथे. तिथे खेळाडूचा माणूस उभा असतो. समोरच्या किती उचलतायत ते बघतो, मनात बेरीज करतो आणि आपलं वजन लिहून देतो. कोणी काहीच सांगितलं नाही, तर बारवर आपोआप एक किलो वाढतो, आणि मग ते बदलता येत नाही. निम्मी स्पर्धा बारखाली होते, निम्मी त्या टेबलाशी.

त्या टेबलाशी देवराम वस्ताद असायला हवे होते. लहानपणापासून त्यांनी तिला घडवलंय. तिच्या श्वासावरून ते सांगतात, आज हिच्यात किती आहे. पण आत जायचा पास त्यांना मिळाला नाही. तो संघाबरोबर गेलेल्या एका व्यवस्थापकांना मिळाला. त्यांचं नाव मी घेत नाही. ते आज इथे नाहीत. त्यांचा सत्कार आज दुसरीकडे आहे असं कळलं.

आम्ही सगळे व्यायामशाळेत मोठ्या पडद्यावर पाहत होतो. कळव्यातली अर्धी माणसं आलेली. मीराबाई मारुतीसमोर नारळ घेऊन बसलेल्या. रुचिताने पाचवं वजन उचललं तेव्हा देवराम वस्ताद उभे राहिले. तिसऱ्या नंबरवरच्या मुलीची सगळी वजनं होऊन गेली होती, त्यामुळे गणित सरळ होतं. तीन किलो वाढवले की ब्राँझ आपलं. आणि तेवढं तर ही पोर इथे सरावात चहाच्या आधी उचलते. वस्ताद पडद्याला ओरडायला लागले, “तीन म्हण! अगं तीन म्हण!” पडद्यावर आम्हाला दिसत होतं, रुचिता खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसली आहे, आणि शेजारी आपले व्यवस्थापक फोन समोर धरून कोणाला तरी मागचं दालन दाखवतायत. हसत होते. बहुतेक घरच्यांना दाखवत असावेत. वेळ गेली. बारवर एक किलो वाढला.

रुचिता आली, तिने बार उचलला, असा उचलला की जणू देव्हाऱ्यातलं ताट उचलतेय. आणि आमच्याकडे काय झालं माहीत आहे का? ढोल वाजला. सहाच्या सहा उचलली, म्हणून पोरं नाचली. पेढे वाटले गेले, मीराबाईंनी नारळ फोडला. एकटे वस्ताद देवराम खाली मॅटवर बसले. मी त्यांना पेढा द्यायला गेलो. ते म्हणाले, “कार्यवाह, पेढा ठेवा. चौथी आलीय आपली पोर.” हळूहळू ढोल थांबला. मीराबाईंनी मला विचारलं, “भाऊ, मग हे पेढे परत करायचे का?”

मी भाविक माणूस आहे. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी मारुतीसमोर बसलो. खूप जण अशा वेळी देवाला विचारतात, असं का केलंस? मी नाही विचारलं. देवाचा यात काय दोष? त्याने ताकद द्यायची ती भरभरून दिली होती. टेबल तर माणसांनी मांडलेलं होतं.

पण सगळा राग त्या व्यवस्थापकांवर काढूनही मला शांत वाटत नाही. कारण रुचिता परत आल्यावर जे घडलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. वस्तादांनी तिला एकच विचारलं. “तू शेजारीच होतीस ना? त्यांना हलवून का नाही सांगितलंस?”

ती म्हणाली, “वस्ताद, ते साहेब होते हो.”

“साहेब होते तर काय झालं?”

तिने बारकडे बोट केलं. मग म्हणाली, “आणि आपल्याकडे आपलं वजन आपण कुठे सांगतो?”

बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आमच्या व्यायामशाळेची जुनी रीत आहे. बारवर किती आहे ते विचारायचं नाही, आणि मला एवढं द्या असं म्हणायचं नाही. वस्ताद चकत्या लावतील, नमस्कार करून उचलायचं. आकडा मनात शिरला की माणूस एक तर घाबरतो नाही तर फुगतो, असं जुनी माणसं म्हणत. या रीतीने मुलं खरंच निर्भय झाली. पण ज्या खोलीत वस्ताद नव्हते, त्या खोलीत हीच रीत पोरीच्या तोंडावर हात ठेवून बसली.

त्यानंतर देवराम वस्तादांनी जे केलं, त्यासाठी खरं तर त्यांचा आज सत्कार व्हायला हवा होता. या वयात त्यांनी स्वतःच्याच गुरूची रीत मोडली. बारशेजारी एक बाक टाकला. त्यावर राकेशला साहेब म्हणून बसवला. माझा लग्नातला कोट त्याला घातला, जो त्याच्या दंडात अडकला तो अजून उसवलेलाच आहे. त्याने फोन कानाला लावायचा आणि रुचिताकडे बघायचंच नाही. रुचिताने त्याच्याकडून वजन लिहून घ्यायचं. अर्ध्या मिनिटाने घंटा व्हायची, तिच्या आत लिहिलं गेलं नाही, तर ते वजन उचलायचं नाही.

राकेशने काम असं वठवलं की त्याला कुस्ती सोडून नाटकात पाठवावं. “हां हां बेटा, थांब जरा, महत्त्वाचा कॉल आहे.” “अरे, हे तुमचं ते किलोबिलो नंतर बघू.” पोरं पोट धरून हसत होती. आणि रुचिता? माणसाच्या दुप्पट वजन पेलणारी ही पोर बाकासमोर हात बांधून उभी. “साहेब, वाढवता का जरा?” एवढंच, तेही मांजरीच्या आवाजात. घंटा झाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ती रडली. तेव्हा मीराबाई भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, “अगं, घरी माझ्यावर खेकसतेस तसं खेकस की त्याच्यावर! तो काय माझ्यापेक्षा मोठा लागून गेलाय?”

मीराबाई, हसताय काय, हेच म्हणाला होतात ना?

आता ती बोलते. अजून चाचरत बोलते, पण बोलते. तरीही माझा प्रश्न शिल्लक आहे, आणि तो आज विचारला नाही तर मला झोप लागणार नाही. जी पोर बारखाली उभी राहणार, तिनेच घामाने निथळत बाहेर येऊन दुसऱ्या देशांच्या मुलींची बेरीज करायची का? श्वास सावरायचा की हिशेब करायचा? राकेशला विचारा. मघाशी आत चहा घेताना तो मला म्हणाला, “काका, माझ्या कोपऱ्यात माझा माणूस होता. तो ओरडला म्हणून मी पाय सोडवला. रुचिताच्या कोपऱ्यात कोण होतं?” ब्राँझ गळ्यात घालून बसलेला मुलगा हे बोलतोय.

आपल्याला हार घालायला फार आवडतं. परत येताना विमानतळावर दहा माणसं ढोल घेऊन उभी असतात. जाताना बरोबर एक योग्य माणूस द्यायचा म्हटलं की जागा नसते. जिंकली तर आपली, हरली तर दमली. हे किती वर्षं चालवायचं आपण?

माननीय धनावडे साहेब, आपण आमचे पाहुणे आहात. पाहुण्याला घरी बोलावून गाऱ्हाणं सांगू नये, हे मला माझ्या आईने शिकवलंय. पण पुढच्या स्पर्धेची नावं या आठवड्यात जायची आहेत, आणि ती आपल्याच सहीने जातात. म्हणून हात जोडून विचारतो. या वेळी टेबलाशी देवराम वस्ताद उभे राहतील का? आम्हाला सत्कार नको, शाल नको, नाक्यावर फलक नको. आत जायचा तेवढा एक पास हवा.

साहेब मान हलवतायत. साहेब, माईक देऊ का? नको? बरं. साहेब म्हणाले, “बघू.”

बघू. हा शब्द मी…

थांबा. रुचिता उभी राहिली आहे. काय म्हणालीस बाळ? नाही, माझ्याकडे बघू नकोस. साहेबांकडे बघून बोल, आणि मोठ्याने बोल.

ऐकलंत? मागे पंख्याखाली बसलेल्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून मी सांगतो. ती म्हणाली, “साहेब, ‘बघू’ नको. वस्ताद येणार की नाही, ते आत्ता सांगा.”

देवराम वस्ताद, खाली काय बघताय? वर बघा. तुमची पोर बोलली.

आता मी थांबतो. माझं भाषण अजून बरंच लिहिलेलं आहे, पण ते आता कोणी ऐकणार नाही आणि मलाही वाचायचं नाही. आपण सगळे वेळ काढून आलात, अध्यक्ष वासंतीताईंनी मला एवढं बोलू दिलं, सभागृहाच्या मंडळींनी खुर्च्या-माईकची व्यवस्था केली, या सर्वांचा व्यायामशाळेच्या वतीने मी मनापासून ऋणी आहे. बोलताना माझा तोल गेला असेल, पाहुण्यांचा मान राखण्यात काही कमी पडलं असेल, तर ते पदरात घ्या आणि मला क्षमा करा. ती माझ्या बोलण्यापुरती. रुचिता जे बोलली त्याची क्षमा मी मागणार नाही, आणि तीही मागणार नाही.

साहेब, माईक तुमच्याकडे देतोय. आम्ही सगळे बसलो आहोत.