रिकाम्या बंगल्याची राखण

मी मूळची बेडशाची. माहेर बेडसं, सासर भाजं, आन जल्म सारा गेला ह्या लोनावळ्यात, परक्याच्या बंगल्यात. बापानं नाव सुंदरा ठेवलं, पन त्या नावानं हाक मारनारं आता कोन ऱ्हायलं न्हाई, समदी बंगल्यावरची बाईच म्हनत्यात. तुमी शाळेच्या मास्तरीनबाई, तुमी इचारलं म्हनून सांगते, न्हाईतर ह्यात सांगन्यासारखं काय हाय, काम केलं, देनं फेडलं, म्हातारी झाले.

भाज्यात जमीन थोडी आन भाऊ लय, म्हनून आमचं मालक हितं इंजनाच्या शेडात खलाशी लागलं. मानूस हौशी. मुंबैची शेटमंडळी ठेसनावर उतरून टांग्यात बसायची ती बघायचं आन घरी येऊन मला म्हनायचं, सुंदरे, कोळशात हात काळं करन्यापरीस आपला टांगा असावा, सकाळी जुपावा, सांजला सोडावा, कुनाची ताबेदारी न्हाई. म्या म्हनलं, पैसं कुटनं आननार. तर बाजारातल्या शेटकडनं व्याजानं काढलं, घोडं घेतलं, टांगा घेतला. चंद्री, मपली पोर, तवा नुकती चालाया लागलेली, तिला मांडीवर घेऊन पार वलवनपातूर फिरवून आनली. एक उन्हाळा बरा गेला. मंग मानमोडीची, त्या मरनाच्या तापाची साथ आली. काय सांगू तुमाला, सकाळी बोलनारं मानूस सांजला तोंड उघडंना. सासू गेली, तिच्यामागं मालक गेलं. साथीत घोडं घेनार कोन, मातीमोल इकलं, टांगाबी तसाच गेला, त्यात निस्तं व्याज भागलं. मुद्दल तसंच डोक्यावर.

दीर म्हनलं, टांगा लोनावळ्यात घेतला, लोनावळ्यातच गेला, भाज्याच्या जमिनीला त्याचं ओझं नको. तेबी काय खोटं न्हवतं, त्यांच्या मागं त्यांची पोरंबाळं. माजा भाऊ दादा न्यायला आला, चल म्हनला बेडशाला, चार घास खाऊ त्यात तूबी खा. पन मी गेले असते तर शेटचा मानूस दादाच्या दारात जाऊन बसला असता. म्या म्हनलं, पोर तेवढी ने, देनं माज्याकडं ऱ्हाऊ दे. चंद्रीला काखंत घेऊन गेला. ती रडली न्हाई, तिला वाटलं फिरायलाच चाललो.

ह्याच बंगल्यावर मला काम लागलं. मालकीनबाई मुंबैची, मानूस वाईट न्हवती, पन अट घातली का मूल ठिवायचं न्हाई, सामानाला हात लावतंय. मागल्या खोलीत ऱ्हायचं, बंगला राखायचा. पगार यायचा त्यातला निम्मा शेटचा, थोडा चंद्रीसाठी दादाकडं, उरंल त्यात मी. उन्हाळ्यात आन दिवाळीला बंगला भरायचा, तवा पानी प्यायला सवड न्हाई. बाकी समदं वरीस बंगला रिकामा, मी एकली.

आन त्यात लोनावळ्याचा पाऊस. तुमाला आता दोन वर्सं झाली हितं, तुमी बघितलाय. चारी बाजूला गवताच्या ताट्या बांधलेल्या, दिवसा आत अंधार, धुकं खोलीत शिरतं, भाकर ठिवली तर बुरशी. माजं काम म्हंजी रोज खोलीखोलीत शेगडी फिरवायची, गाद्या उलटायच्या, लाकडी कपाटं पुसायची. इतक्या गाद्या, आन निजनारं कोन न्हाई. कुनाशी चार दिवस बोलनं न्हाई. एकदा कुतरं दारात आलं त्याला हाड म्हनाया गेले तर आवाजच फुटंना, घसा धरलेला. लय भ्याले मी त्या दिशी. म्हनलं असंच ऱ्हायलं तर मी मुकी व्हनार.

मंग म्या एक सुरू केलं. गादी शेकता शेकता बेडशात जायाचं. वरल्या आळीपासनं एकेक घर घ्यायचं, दारात उभं ऱ्हायचं आन मोठ्यानं इचारायचं, काय गं काकी, पाय बरा हाय का, काय रं सखाराम, गाय व्याली का. आन त्यांचं उत्तरबी मीच द्यायचं. येड्यागत वाटंल तुमाला. पन तेवढ्यावर दिस ढकलला. दादाच्या घरापाशी आले का मातुर थांबायची. चंद्री आता काय बोलत आसंल, किती बोलत आसंल, तेच मला ठावं न्हाई, तर तिचं उत्तर कसं देनार.

खरं बोलनं व्हायचं ते तात्याशी. तात्या म्हंजी शेटच्या दुकानातला वसुलीचा मानूस, तळेगावचा, म्हातारा, एका गुडघ्यानं अधू. बायकू कवाच गेलेली. पगार झाला का म्हैन्याला छत्री टेकत टेकत यायचा. पयल्या पयल्यानं मला त्याची भीती वाटायची, दारामागनंच पैसं द्यायची. मंग एका पावसात म्हनलं, तात्या, भिजलाय, घोटभर च्या घ्या. पायरीवर बसला, च्या प्याला, बाजारातलं सांगाया लागला, कुनाच्या घरात पानी शिरलं, कुनाची पोर नांदायला गेली. मी दारात उभी आन ऐकत ऱ्हायले. तवापासनं, खोटं कशाला सांगू, मी त्याची वाट बघाया लागले. देनेकऱ्यानं वसुलीवाल्याची वाट बघायची, असं कुटं ऐकलंय का तुमी? पन म्हैन्यात माज्या दाराशी येनारं ते एकच मानूस व्हतं.

लोकांच्या डोळ्याला ते दिसलं. शेजारच्या बंगल्याची माळीन कायतरी बोलली, ते बोलनं कामशेतच्या बाजारातनं बेडशाला पोचलं. दादा आला, इरलं घेऊन, चिखलानं भरलेला. आत आला न्हाई. म्हनला, माजा तुज्यावर भरोसा हाय, पन तुजी वयनी म्हनती उद्या पोरीला कोन करून घेईल. म्या म्हनलं, दादा, म्हाताऱ्याला च्या देते, दुसरं काय. तो म्हनला, मला ठावं हाय, पन लोकांना कोन सांगंल. तेवढं बोलून गेला. पायजे तर मला मारायचं व्हतं, पन असं खाली मान घालून जायाला नको व्हतं.

त्या म्हैन्याला तात्या आला. म्या कवाड अर्धंच उघडलं.

"तात्या, हितनं पुढं येऊ नका. पैसं मी दुकानात आनून देईन."

त्यानं माज्याकडं बघितलं, समजला. वरनं पाऊस वतत व्हता.

"बरं," म्हनला. "आज च्या आसंल तर दे. हितंच, भायेर."

छत्रीत उभ्यानं प्याला. कप धुवून पायरीवर ठिवला आन गेला. मंग मी दुकानात जायाची, गिऱ्हाइकं असायची, तात्या पैसं घ्यायचा, मान वर करायचा न्हाई. माज्यासाठीच करायचा ते, मला कळायचं. पन त्या पावसाळ्यात बेडशाची घरंबी माज्या तोंडात येईनात. शेगडी घेऊन खोलीत बसले का बसले. एक डाव तर भाकरबी केली न्हाई, म्हनलं कुनासाठी. मंग आठवलं, देनं ऱ्हायलं तर पोर परत येनार न्हाई, उठले, पीठ मळलं.

वर्सं गेली आन एक दिस देनं फिटलं. शेट म्हनला, जा बाई, मोकळी झालीस. म्या इचारलं, तात्या कुटं हायत. तर म्हनला, गुडघा लय धरला, तळेगावला गेला तो गेलाच. देनं फिटलं हे सांगायला दुसरं कोन न्हवतं मला. मंग तशीच बेडशाला गेले. मालकीनबाईला आधीच इचारून ठिवलं व्हतं, पोर आता मोठी झाली, कामाला हातभार लावंल, तिनंबी हो म्हनलं व्हतं. वाटंत कामशेतला हिरव्या बांगड्या घेतल्या.

चंद्री आंगनात शेनाचा सडा घालत व्हती. माज्या खांद्याला लागलेली. वर्सातनं एखाद्या सनाला मी जायाची तशी वळखायची मला, पन आई वयनीला म्हनायची, मला बाई. म्या म्हनलं, चंद्रे, चल आता, माज्याबरुबर लोनावळ्याला. ती वयनीमागं जाऊन उभी ऱ्हायली.

"बाई, मी न्हाई येनार. तितं कोनीच न्हाई."

वयनी तिला वरडली, आसं बोलू नगं म्हनली. वयनीचं डोळं भरलेलं, तिला वाटलं म्या वढून नेनार. आता तुमीच सांगा, पोर खोटं काय बोलली? मला ठावं हाय ना तितलं, मग तिला कशाला घालू त्यात. बांगड्या वयनीच्या हातात दिल्या आन म्हनलं, तुमीच भरा तिला. मागारी आले, गाद्या शेकायच्या व्हत्या.

चंद्रीचं लगीन परंदवडीला झालं. कन्यादान दादा-वयनीनं केलं. मी ईधवा, मागं बायकांत उभी ऱ्हायले, अक्षता टाकल्या. घर चांगलं गावलं, जावई सरळ हाय. वयनी वारली तवा चंद्रीनं सांगायला मानूस धाडला, तवापासनं थोडं येनंजानं झालं. आवंदा सुगीला म्हनली, ये चार दिस, ऱ्हा. गेले. घर भरलेलं, जावा, पोरं, पावनं, समदी मला इचारत्यात च्या घे, हितं बस. आन बाई, मला बोलायलाच येईना. कोनी काय इचारलं का मी हूं म्हनायची आन मंग त्यांचं दुसरंच सुरू. मानसांची सवय मोडली का लवकर बसत न्हाई. तिसऱ्या दिशी म्हनलं, चंद्रे, जाते मी.

तळेगावच्या ठेसनापातूर सोडाया आली, धाकटी पोर कडंवर. बाकड्यावर बसलो दोघी. गाडी आली, मी उठले, तर तिनं माजं गठुडं धरून ठिवलं. ही जाऊ दे म्हनली, दुसरी येईल. मी बसले. दुसरी यायला लय टाइम लागला, पोर माज्या मांडीवर निजली, चंद्री माज्या हाताकडं बघत व्हती.

ते आसू दे. बसा तुमी, जाऊ नका येवढ्यात. तुमीबी एकल्याच ऱ्हाता हितं, पगारातनं भावाचं शिक्षान करता, माळीन सांगत व्हती. करा, पन येत जा माज्याकडं. देवानं तुमाला भरल्या घरात ठिवावं. च्या टाकते.