सातव्या मजल्यावरचा गुलाब

दिल्लीत मराठी कुणाला कळत नाही, या भरवशावर मेंदूच्या डॉक्टरांकडे बसलेल्या लतिकाबाई नवऱ्याशी, पद्माकररावांशी, मोठ्यांदा बोलत होत्या. शेजारी बसलेला यतीन मूळचा पुण्याचा असूनही निमूटपणे हिंदी मासिक चाळत होता.

"अहो, सापडलं कारण! वर्षानुवर्षं व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊन कंपवात होतो का, असं पेपरात छापलंय."

"होतो, असं छापलंय?"

"होतो का, असं. पण उगाच कुणी विचारेल का? म्हणजे गोळ्या बंद केल्या की तुमचा हात थांबणार! आणि त्या मीच तुमच्या घशात घातल्या हो. गुडगावच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून, सहा वर्षं, रोज सकाळी!"

"लतिका, रडू नकोस. लोक बघतायत."

"बघू देत. कळतंय कुणाला? मीच आणलं हे दुखणं."

"तू नाही आणलंस. एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"सांगा."

"एकही गोळी मी गिळली नाही. तुझी पाठ वळली की बाल्कनीतल्या गुलाबाच्या कुंडीत."

"सहाही वर्षं?"

"सहाही."

"आणि मी सोसायटीभर सांगितलं, गुलाब एवढा फुलतो तो माझ्या शेणखताचा गुण म्हणून!"

"मी कुठे खोडून काढलं?"

"म्हणजे माझ्यामुळे नाही."

"नाही."

"मग गोळ्या बंद करून थांबणारही नाही."

लतिकाबाईंनी पद्माकररावांचा थरथरता हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"तरीच! वारा नसतानाही तो गुलाब हलतो."

हसू दाबता दाबता यतीनच्या हातातलं मासिक थरथरू लागलं.

"अहो, यांचाही हात बघा! विचारा की, कुठल्या गोळ्या घेतात."