पाच पोरी आणि एक चौकशी

तानुबाई: बन्सी, तुला मी निकितासाठी आलेल्या पोराची चौकशी करायला धाडलं व्हतं. हे जपानचं काय लावलंस मघापासून?

बन्सीधर: चौकशीचंच सांगायलोय ताई. मधात तोडू नको. तर त्या पोराच्या घरात पाच पोरी राहत्यात. पाची लग्नाच्या.

तानुबाई: अगं माय माय! महारुद्रच्या घरात?

बन्सीधर: महारुद्रच्या कशाला? त्याच्या घरात त्याची माय, बाप अन् दोन बैलं. पाच पोरी कार्टूनातल्या पोराच्या घरात.

निकिता: मामा, आईचं बीपी वाढायच्या आत पहिल्यापासून सांगा बरं. परवा सकाळी तुम्ही बोरीतून मानवतला गेलात. पुढं?

बन्सीधर: पुढं जिनिंगवर गेलो. कापसाच्या ट्रॅक्टरची लाइन पार रोडपस्तोर. महारुद्र तिथंच हाय, नंबर लागायला दोन दिस लागत्यात, असं त्याच्या गावात कळलं. म्हणलं बेस झालं! गावात इचारावं तर समदे पोरगं हिरा हाय म्हणत्यात. लायनीत ताटकळलेला माणूस खरा कळतो. गेलो, त्याच्या ट्रॉलीला टेकून बसलो. म्हणलं, माझीबी गाडी मागं हाय.

निकिता: तुमची कुठली गाडी? तुमचा कापूस तर दिवाळीतच गेला.

बन्सीधर: अगं, रविवारी ते तुला बघायला आले तवा मी नव्हतो, त्यानं मला कुठं वळखायचं? मुलीचा मामा म्हणून सांगितलं असतं तर त्यानं पळत जाऊन खुर्ची आणली असती. मंग काय डोंबलाची चौकशी?

तानुबाई: बरं. दारू-बिरू?

बन्सीधर: न्हाई.

तानुबाई: तंबाखू?

बन्सीधर: माझी संपली व्हती म्हणून मागून बघितली. खातच न्हाई म्हणला. लय पंचाईत झाली माझी.

तानुबाई: मंग दोन दिस करतो काय माणूस तिथं?

बन्सीधर: कापसावर उताणा पडून मोबाइल बघतो अन् एकटाच हसतो. म्हणलं हे काय प्रकरण हाय? वर चढून डोकावलो तर कार्टून! एकतीस वर्साचा बापय अन् कार्टून!

तानुबाई: झालं. येडं दिसतंय. सांगून टाका संध्याकाळी न्हाई म्हणून.

निकिता: आई, त्याला अ‍ॅनिमे म्हणतात. मोठी माणसंच बघतात ते.

तानुबाई: तुला बरं माहीत!

निकिता: जिंतूरला आमच्या दवाखान्यातल्या पोरी जेवणाच्या सुट्टीत बघतात. एक पोरगा अन् भोवती चार-पाच पोरी, असले तर ढिगानं आहेत. पोरगा असतो बावळट, अन् पोरी त्याच्यासाठी जीव टाकतात. कामून टाकतात ते शेवटपर्यंत कुणालाच कळत न्हाई.

बन्सीधर: बरोब्बर! महारुद्रबी हेच म्हणला! अन् बावळट म्हणजे किती गं? सपाट जमिनीवर पडतो. अन् पडतो तर नेमका कुणा ना कुणा पोरीच्या अंगावर. मंग खातो चापट. दर भागाला हेच. मी तर पहिल्यांदा तोंडच फिरवलं. लाज वाटली मला. दुसऱ्या भागाला एका डोळ्यानं बघितलं.

निकिता: अन् तिसऱ्याला?

बन्सीधर: तिसऱ्याला म्हणलं, बाबा, आवाज वाढव जरा.

तानुबाई: पन्नाशी उलटली रे तुझी.

बन्सीधर: हिंदीतून बोलत्यात ना, समदं कळतं. नावं तेवढी ध्यानात राहीनात, म्हणून मी आपली माझी नावं ठेवली. एक डबेवाली. रोज पहाटे उठून त्याला डबा करती. एक नाववाली. तिचा बाप गेला, तवापासून ती बंदरावर नाव चालवती, ह्या काठाची माणसं त्या काठाला नेती. एक चष्मेवाली, तिचं नाक कायम पुस्तकात. एक बंगलेवाली, तिचा तोराच लय. अन् पाचवी रुसकी. तिला दुसरं काही कामच न्हाई.

तानुबाई: डबेवाली घरंदाज वाटती.

निकिता: आई, तू पण?

तानुबाई: म्हणलं आपलं. मला काय करायचंय त्यांच्याशी? मंग? कुणासंग ठरलं त्याचं?

बन्सीधर: ठरतंय कुठं! नऊ भाग झाले. त्यावरच तर खाली लोकांची जुंपलेली. मतं लिवत्यात आपापली. जिंतूरचा एक जण लिवतो, 'इथं तीन वर्सं झाली एक स्थळ येईना, अन् ह्याला घरात पाच, तरी रडायलाय.' त्याला सातशे लोकांनी अंगठा दिला.

तानुबाई: ते मात्र खरं हाय गं लेकराचं.

बन्सीधर: अन् एक शहाणा लिवतो, पाचीला ठेव, कशाला एकीला नाराज करतो. त्याला महारुद्रनं असं झोडलं! मला वाचून दाखवलं. 'भाऊ, त्या काय शेळ्या हायेत का ठेवायला? नऊ भागांत ह्यानं एकीला हो म्हणलं न्हाई अन् एकीला न्हाई म्हणलं न्हाई. त्या रोज वाट बघत बसत्यात. चांगुलपणा न्हाई ह्याचा, भित्रेपणा हाय.'

निकिता: असं लिहिलं त्यानं?

बन्सीधर: शब्दाला शब्द. वीस जणांनी त्याला शिव्या घातल्या, त्यानं वीस जणांना उत्तरं दिली. मध्ये एकदा लाइन पुढं सरकली तर मागचे हॉर्न वाजवून दमले, हा आपला टाइप करायलाय.

तानुबाई: निके, तू कामून हसायलीस?

निकिता: हसत न्हाई गं. गेल्या वर्षी ते पहिले पाहुणे येऊन गेले. घरी जाऊन कळवतो म्हणले. चार महिने मी फोन वाजला की दचकायची. शेवटी त्यांच्या पोराच्या लग्नाची पत्रिकाच बघितली मोबाइलवर. दुसरीसंगं.

तानुबाई: जाऊ दे ते आता. जळो मेले.

निकिता: गेलंच ते. मामा, मला एकच सांगा. माझ्या नोकरीचं काय? बाबा संध्याकाळी शेतातून आले की मुलाकडं फोन करणार. हो की न्हाई, मला त्याच्या आत ठरवायचंय.

तानुबाई: त्याच्या मायनं सांगितलं की रविवारी. करू देऊ म्हणली नोकरी.

निकिता: आई, ते सगळेच म्हणतात. वैष्णवीला म्हणले नव्हते? माझ्यासंगं लॅबचा कोर्स केला तिनं. लग्नाला सहा महिने झाले न्हाईत तर घरी बसून शेवया वळायली. विचारलं तर म्हणती, कुणी नको म्हणलं न्हाई गं, पण जमेना. मला तसं न्हाई जमायचं. मला त्या लॅबमध्ये बरं वाटतं. सकाळी दार उघडलं की माझं काहीतरी आहे असं वाटतं.

बन्सीधर: म्हणून तर सरळ इचारलंच न्हाई मी. सरळ इचारलं की माणूस पाठ केलेलं बोलतो. मी कार्टूनावरून इचारलं. म्हणलं, महारुद्र, समज तू त्या पोराच्या घरचा वडीलधारा हायेस. पाचीतली कुणाला करशील सून?

निकिता: अन्?

बन्सीधर: ताई, चहा टाकतीस का घोटभर?

निकिता: मामा.

बन्सीधर: माझं मत नाववालीलाच व्हतं बरं का. पहिल्यापासून. मी तर भांडलो त्याच्यासंगं.

निकिता: तो काय म्हणला?

बन्सीधर: म्हणला, नाववालीनं ह्याच्याशी लग्न करू नये. त्या घरात डबेवालीच बरी.

तानुबाई: बघ! मीबी हेच म्हणलं!

निकिता: झालं मग.

बन्सीधर: निके, अगं कार्टून हाय ते.

निकिता: कार्टून आहे म्हणूनच खरं बोलला मामा. तुम्हीच म्हणता ना, सरळ विचारलं की पाठ केलेलं सांगतात? हे पाठ केलेलं न्हाई. घरात राहणारी बरी, कामाला जाणारीनं लग्न करू नये. सांगा बाबांना न्हाई म्हणून.

तानुबाई: अगं, मी मघाशी बोलले ते उगंच. पोरगं निर्व्यसनी हाय, दहा एकर हाय, कॅनॉल हाय…

निकिता: मला आवडला होता तो, आई. रविवारी आम्हाला दोघांना बोलायला परसात पाठवलं ना, तर त्यानं स्वयंपाक येतो का ते विचारलंच न्हाई. दिवसाला किती नमुने तपासता, रिपोर्ट चुकला तर कुणाच्या अंगावर येतं, असलं विचारत बसला. मला आजपर्यंत कुणी हे विचारलं न्हाई. म्हणून जास्तच वाईट वाटायलंय.

बन्सीधर: थांब. रडू नको. मी कारण इचारलंच न्हाई ना त्याला. इचारणार तेवढ्यात त्याचा नंबर लागला, ट्रॅक्टर आत गेला. फोन लावतो.

तानुबाई: बन्सी, कशाला आता?

बन्सीधर: नंबर हाय माझ्याकडं. शेवटचा भाग आला की कळवतो म्हणला व्हता. गप बसा दोघी.

(बन्सीधर फोन लावून स्पीकरवर टाकतात.)

महारुद्र: हां, बोला काका! लागला का नंबर तुमचा? मी माप झाल्यावर मागं बघत आलो, तुमचा ट्रॅक्टर कुठंच दिसंना. मला काळजीच लागली.

बन्सीधर: ते सोड. तू नाववालीला कामून नापास केलंस, तेवढं सांग.

महारुद्र: अजून तेच का काका! तिला कुठं नापास केलं? मी त्या पोराला नापास केलं. नऊ भागांत तो एकदा तरी तिच्या नावेत बसला का? मळमळतं म्हणतो. काठावर उभा राहून हात हलवतो. ती पावसात भिजून, हाताला फोड आलेली, घरी येती तर हा इचारतो, आज जेवायला काय हाय? असल्या माणसासाठी तिनं ते सोडून द्यायचं?

बन्सीधर: अन् डबेवाली?

महारुद्र: डबेवालीला डब्याची हौस हाय, करू द्या की तिला. तिचं काही चुकत न्हाई. पण नाववालीला तिच्या नावेत बसणारा भेटला तर तिनं लग्न करावं. न्हाई भेटला तर नको. त्या येड्यापायी तर मुळीच नको. मी लिवलंय तसं खाली.

बन्सीधर: ऐकलंस का?

महारुद्र: कुणाला म्हणायलाव काका?

निकिता: मला. मी निकिता बोलायले. बोरीची.

महारुद्र: काका, तुमी…

बन्सीधर: मुलीचा मामा हाय मी. गाडी-बिडी काही नव्हती बाबा. माफ कर.

महारुद्र: आयला! दोन दिस तुमच्यासमोर… काका, मी त्या बंगलेवालीची नक्कल करून दाखवली तुमाला! चालून!

बन्सीधर: लय झकास केलीस.

महारुद्र: आता काय राहिलं माझं.

निकिता: ऐका. चोरून ऐकलं हे बरं न्हाई केलं आम्ही. म्हणून आता तोंडावर सांगते. मी लॅब सोडणार न्हाई. लग्न झाल्यावर न्हाई, लेकरं झाल्यावर पण न्हाई. अन् तुमच्या गावाहून जिंतूर लांब आहे. रोज कसं जायचं, ते तुमच्या घरचं कुणी बोललंच न्हाई.

महारुद्र: मी बोलणार व्हतो. परसात बोलायचं ठरवून आल्तो. मंग तुमी त्या रिपोर्टाचं सांगायला लागलात अन् राहून गेलं. खरं सांगू का, रोज जाणं-येणं न्हाई जमायचं. मानवतकडं बदली मिळती का बघावं लागल. मिळंस्तोर जिंतूरला खोली करू. मी गाडीवर येऊन-जाऊन शेत करीन. मायला अजून सांगितलं न्हाई. ती चिडणार. पण सांगीन.

तानुबाई: बायकोच्या नोकरीच्या गावी खोली? बापय माणूस?

बन्सीधर: गप बस ताई.

निकिता: हे फोनवर बोलायला सोपं आहे.

महारुद्र: हौ. ते बी खरं.

निकिता: मग शुक्रवारी दवाखान्यात या. दहाच्या आत.

महारुद्र: कशाला?

निकिता: लग्नाआधी दोघांचं रक्त तपासलेलं बरं. मी माझं तपासलंय. अन् मी काय करते ते पण बघा. दिवसभर बसा हवं तर.

महारुद्र: रक्त कोण काढतं तिथं?

निकिता: मीच.

महारुद्र: म्हणजे सुईनं.

निकिता: सुईनंच काढतात.

महारुद्र: यायला माझं काही न्हाई, पण नुस्ती सुई बघितली की मला घेरी येती. दहावीला असताना शाळेत इंजेक्शन द्यायला आले, तर मी माझा नंबर यायच्या आधीच पडलो. समदी शाळा हसली.

तानुबाई: निके, राहू दे गं. कशाला लेकराला उगं…

निकिता: आई, थांब. मग काय करता?

महारुद्र: दहाच्या आत म्हणलाव ना?

निकिता: हो.

महारुद्र: येतो. डोळे झाकून बसलं तर चालतं का?

निकिता: चालतं. हात तेवढा सरळ ठेवा.